मौतच्या कुव्यातील आरएक्स १०० : खेळाचे आणि इंजिनाचे परीक्षण

यंदाच्या हिवाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातील एका यात्रेत ‘मौत का कुवा’ पाहिला आणि खेळ संपल्यावर तिथल्या गाड्यांची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकशी सविस्तर बोलता आले. या खेळाविषयी लिहिणारे बहुतेक जण स्वाराच्या धाडसापाशी थांबतात. ते धाडस खरे आहे, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या इंजिनाच्या भरवशावर माणूस उभ्या भिंतीवर आडवा होऊन गाडी चालवतो, त्या इंजिनाची पारख सहसा कोणी करत नाही. म्हणून हे परीक्षण जितके खेळाचे आहे तितकेच त्यात पळणाऱ्या यामाहा आरएक्स १०० या गाडीचेही आहे. माझे मत आधीच सांगतो : या खेळासाठी आपल्याकडे बनलेल्या गाड्यांत आरएक्स १०० इतकी योग्य गाडी दुसरी नाही, आणि त्याचे कारण तिची ताकद हे नसून तिचा पिकअप हे आहे.

कुव्याची रचना ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर लोखंडी सांगाड्याला आतून लाकडी फळ्या ठोकून एक मोठे उभे पिंप तयार केलेले असते. त्याच्या तळाशी तिरक्या फळ्यांची एक कड असते, त्या कडेवरून गाडी वेग घेत भिंतीवर चढते, आणि प्रेक्षक बाहेरच्या जिन्याने वर जाऊन काठावरच्या गॅलरीतून आत डोकावून पाहतात. मी पाहिलेल्या कुव्याचा व्यास नजरेच्या अंदाजाने दहा मीटरच्या आसपास होता. तिकीट पन्नास रुपये होते आणि खेळ दहा-बारा मिनिटांचा होता. सुरुवातीला एक मोटरसायकल, मग दोन, आणि शेवटी दोन मोटरसायकलींबरोबर एक मारुती ८००, असा त्याचा चढता क्रम होता. कठड्याबाहेर धरलेल्या नोटा स्वार चालत्या गाडीवरून टिपत होते, आणि त्यांपैकी एकाने दोन्ही हात सोडून, गाडीवर एका बाजूला पाय टाकून बसत अनेक फेऱ्या पूर्ण केल्या. पैसे वसूल झाले का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

गाडी भिंतीवरून खाली का पडत नाही, हे समजल्याशिवाय इंजिनाकडून नेमकी कोणती अपेक्षा आहे ते कळत नाही, म्हणून थोडे गणित मांडणे भाग आहे. गोल फिरणाऱ्या गाडीला भिंत आतल्या बाजूला ढकलत असते आणि टायर तितक्याच जोराने भिंतीवर दाबला जात असतो. या दाबातून निर्माण होणारे घर्षण गाडी आणि स्वार यांचे वजन पेलते. दहा मीटर व्यासाच्या कुव्यात ताशी ४० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या गाडीवर भिंतीचा दाब तिच्या वजनाच्या सुमारे अडीचपट पडतो आणि एक फेरी तीन सेकंदांच्या आत पूर्ण होते. कोरड्या फळीवर रबराची पकड बेताची धरली, तरी वेग ताशी तीसच्या खाली जाईपर्यंत गाडी घसरू लागत नाही. म्हणजे नेहमीचा वेग आणि धोक्याचा वेग यांच्यात अवघ्या दहा किलोमीटरचे अंतर उरते आणि सारा खेळ त्या अंतरात चालतो. या हिशेबात गाडीचे वजन कुठेही येत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे; जड गाडीलाही किमान वेग तितकाच लागतो. मात्र जड गाडी फळ्यांवर जास्त भार टाकते, स्वाराला अधिक दमवते आणि चढताना इंजिनाकडून अधिक काम मागते.

आता ताकदीचा प्रश्न घेऊ. गाडी आणि स्वार मिळून एकशे साठ किलो वजन धरले, तर भिंतीवर एकाच उंचीवर फिरत राहण्यासाठी, टायरचा वाढलेला रोध आणि हवेचा विरोध जमेस धरूनही, माझ्या हिशेबाने दोन ते तीन अश्वशक्ती पुरतात. तळापासून काठापर्यंत झपाट्याने चढताना ही गरज काही क्षणांपुरती सहाच्या आसपास जाते. आरएक्स १०० चे ९८ सीसीचे इंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना (इंजिनाच्या, कुव्यातल्या नव्हे) ११ अश्वशक्ती देते. याचा अर्थ कुव्यातला स्वार या इंजिनाची पूर्ण ताकद कधीच वापरत नाही. चढतानादेखील तो निम्म्याहून थोड्या अधिक ताकदीवर काम भागवतो. मग ज्या गाड्यांचे इंजिन सहा-सात अश्वशक्ती सहज देते, त्या इतर शंभर सीसीच्या गाड्या इथे का दिसत नाहीत? त्याचे उत्तर मूठ पिळल्यानंतर इंजिन किती लवकर आणि किती अचूक प्रतिसाद देते, यात आहे. काठाजवळ नोट टिपण्यासाठी स्वार एक हात सोडतो, गाडी किंचित खाली सरकते, आणि त्याच क्षणी त्याला वेगात दोन-तीन किलोमीटरची भर हवी असते. तीही झटका न बसता. अर्धा सेकंद उशिराने आलेली ताकद त्याच्या उपयोगाची नाही, कारण तेवढ्या वेळात त्याने कुव्याचा सहावा हिस्सा पार केलेला असतो आणि पुढची गाडी जवळ आलेली असते.

या कसोटीवर आरएक्स १०० ची रचना फार विचारपूर्वक केलेली वाटते. इंजिन टू-स्ट्रोक असल्याने क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो, तर फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांतून एकदा होतो. त्यामुळे कमी फेऱ्यांनाही ताकद सलग मिळते. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल दोन्ही ५० मिलिमीटर आहेत, आणि आत फिरणारे वस्तुमान कमी असल्याने इंजिन झटकन फेऱ्या घेते. परंतु माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे कार्बुरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि क्रँककेस (क्रँकची पेटी) यांच्यामध्ये बसवलेला रीड व्हॉल्व्ह. पातळ पाकळ्यांचा हा एकमार्गी दरवाजा आत शिरलेल्या मिश्रणाला उलट कार्बुरेटरकडे जाऊ देत नाही. पिस्टनच्या काठाने तोंड उघडणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांत कमी फेऱ्यांना थोडे मिश्रण परत बाहेर फेकले जाते आणि मूठ पिळल्यावर इंजिन आधी अडखळते, मग एकदम उसळते. आरएक्समध्ये हे अडखळणे जवळजवळ नाही, आणि भिंतीवर अडखळणे परवडत नाही.

दुसरा गुण उलट बाजूने कामी येतो. टू-स्ट्रोक इंजिनाची मूठ बंद केली तरी गाडीचा वेग फारसा झपाट्याने उतरत नाही. फोर-स्ट्रोक गाडी वरच्या फेऱ्यांवरून मूठ सोडताच मागे ओढल्यासारखी होते. रस्त्यावर, विशेषतः घाटात उतरताना, तो ओढा उपकारक असतो, आणि याच कारणाने घाटात आरएक्स चालवणाऱ्याला ब्रेकवर अधिक भिस्त ठेवावी लागते. पण कुव्यात स्वाराचा हात चुकून ढिला पडला तर वेग हळूहळू कमी व्हावा, एकदम नव्हे, हेच हिताचे. रस्त्यावर जो दोष मानला जातो तो येथे सुरक्षिततेचा भाग ठरतो.

गाडी आडवी झाल्यावर कार्बुरेटरमधले पेट्रोल कलंडत कसे नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडत असे आणि अनेक वाचकांनाही पडला असेल. आडव्या गाडीत जाणवणारे वजन जमिनीच्या दिशेने नसून मुख्यतः भिंतीच्या दिशेने, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या ‘खाली’च्या दिशेने असते. अडीचपट दाब भिंतीकडे आणि एकपट वजन जमिनीकडे, या दोहोंची बेरीज केली तर एकूण ओढ गाडीच्या उभ्या अक्षापासून जेमतेम बावीस अंशांनी कललेली निघते. रस्त्याच्या वळणावर गाडी याहून जास्त कलते, मात्र तिथे आतले पेट्रोल अक्षावरच राहते, म्हणून कार्बुरेटरच्या दृष्टीने कुव्यातला कल थोडा अधिक आहे. तरीही फ्लोटचा, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाचा, कप तो सहज सोसतो. पेट्रोलचे वजन वाढते त्याच प्रमाणात फ्लोटला वर उचलणारा जोरही वाढतो, त्यामुळे कपातली पातळी बिघडत नाही. तेलाच्या बाबतीत टू-स्ट्रोकला आणखी एक सोय आहे. इंजिनाच्या तळाशी साठवलेल्या तेलावर त्याचे क्रँक आणि पिस्टन अवलंबून नसतात. तेल पेट्रोलबरोबरच आत जाते. मूळ आरएक्सला मुठीशी जोडलेला तेलाचा पंप होता. या खेळातल्या गाड्यांचे पंप काढून टाकले असून तेल टाकीतच मिसळले जाते, असे मेकॅनिकने सांगितले, आणि त्यामागचे त्याचे कारण मला पटले : पंप किंवा त्याची केबल बिघडली तर बाहेरून कळत नाही, आणि कळते तेव्हा पिस्टन जाम झालेला असतो.

पिस्टन जाम होणे हीच या खेळातली यंत्राची सर्वांत मोठी भीती आहे. इंजिन नुसते बंद पडले, तर स्वाराला सावरायला वेळ मिळतो. गाडी आपल्या वेगावर आणखी साधारण एखादी फेरी घेते आणि खाली उतरताना उंचीचा वेग तिला मिळतो, म्हणून सराईत स्वार शांतपणे तळाच्या कडेवर येतो. पण पिस्टन सिलिंडरमध्ये धरला गेला तर मागचे चाक जागीच थांबते, आणि घासत जाणाऱ्या चाकाची बाजूची पकड नाहीशी होते. क्लच तत्काळ दाबणे एवढाच उपाय त्या वेळी उरतो. मी पाहिलेल्या खेळात स्वाराचा डावा हात मोकळा नसेल तेव्हा तो बहुधा वरच्या काठापासून दूर, मधल्या उंचीवर फिरत होता. ते योगायोगाने होत होते असे मला वाटत नाही. म्हणूनच मी म्हणेन की कुव्यातल्या इंजिनाचे मोल ठरवताना पिकअपच्या बरोबरीने विश्वासार्हता मोजली पाहिजे, आणि वेगाचा आकडा सर्वांत शेवटी.

हात सोडून गाडी चालवण्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. मूठ सोडली की ती स्प्रिंगने मिटते आणि इंजिन मंदावते, ही रस्त्यावरच्या गाडीची सोय आहे. हात सोडण्याच्या खेळासाठी कार्बुरेटरचा स्क्रू फिरवून इंजिनाचा किमान वेग वाढवून ठेवलेला असतो आणि मूठही मुद्दाम जड केलेली असते, जेणेकरून ती लावलेल्या जागी टिकून राहील. ऐकायला ही किरकोळ बाब वाटते. परंतु तिच्यामुळे इंजिन एका ठरावीक मध्यम वेगावर मिनिटभर एकसारखे चालले पाहिजे, त्याच्या फेऱ्या वर-खाली होता कामा नयेत, अशी आणखी एक अट निर्माण होते. हवा-पेट्रोलचे मिश्रण नीट जुळवलेली आरएक्स ही अट पूर्ण करते. त्या मेकॅनिकचा कान याच कामात मुरलेला होता. खेळ चालू असताना तो गाड्यांकडे पाहत नव्हता, पाठ करून उभा राहून केवळ आवाज ऐकत होता.

हलके वजन हा आरएक्सचा उघड गुण आहे. भरल्या टाकीसह तिचे वजन १०३ किलोच्या आसपास भरते, आणि कुव्यात मडगार्ड, दिवे, इंडिकेटर, साइड पॅनेल काढून टाकल्याने ते आणखी कमी होते. अठरा इंची अरुंद चाके आणि मागे कडक केलेले शॉकअप यांमुळे वजन अडीच-पावणेतीनपट झाल्यावरही गाडी फारशी दबत नाही. बुलेटसारख्या जड गाडीने हेच काम करता येणार नाही असे नाही, पण प्रत्येक फेरीला फळ्या आणि स्वाराचे मनगट या दोघांना त्याची किंमत मोजावी लागेल. मारुती ८०० भिंतीवर चढते तेव्हा काय होते ते पाहिले की हे पटते. गाडी आणि चालक मिळून सातशे किलो धरले, तरी भिंतीवरचा भार पावणेदोन टनांच्या घरात जातो, आणि तो भार दर तीन सेकंदांनी प्रत्येक फळीवरून सरकतो. गॅलरीत उभे असताना पायाखालचा सांगाडा लाटेसारखा हलतो तो यामुळेच.

तुलनेसाठी खेळाच्या जन्मभूमीकडे पाहणे उपयोगी आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या जत्रांमध्ये या खेळाला आजचे रूप आले, आणि तिकडच्या स्वारांची लाडकी गाडी म्हणजे ‘इंडियन’ या अमेरिकी कंपनीने १९२८ ते १९३१ या काळात बनवलेली ‘स्काउट १०१’. ती टू-स्ट्रोक नाही, हलकी तर मुळीच नाही. तिचे दोन सिलिंडरांचे इंजिन सहाशे ते साडेसातशे सीसीचे आहे. तरीही ब्रिटन-अमेरिकेतले काही खेळ आजही तिच्यावरच चालतात. वरवर पाहता आरएक्स आणि स्काउट यांत काही साम्य नाही, पण कमी फेऱ्यांना मिळणारी सलग ओढ, मुठीला मिळणारा सौम्य प्रतिसाद आणि खाली ठेवलेले वजन हे गुण दोघींत समान आहेत. स्वारांनी दोन वेगळ्या खंडांत, वेगळ्या बाजारांतून, एकाच स्वभावाचे इंजिन निवडले, ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

रस्त्यावरच्या किंवा मैदानावरच्या आधुनिक कसरतींशी मात्र गल्लत करू नये. पुढचे चाक उचलून चालवण्याच्या प्रकारात इंजिनाची ताकदच गाडीला उभी करते, म्हणून तिथे चाकण येथे बनणाऱ्या केटीएम २०० ड्यूकसारख्या, १०,००० फेऱ्यांना २५ अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनाला मान आहे. तरी तेथील कसलेले खेळाडूही मागचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) साठ किंवा त्याहून अधिक दातांचे बसवतात. वेग सोडून देतात आणि चालण्याच्या गतीलाही इंजिन चटकन ओढेल अशी व्यवस्था करतात. म्हणजे फिरून ते पिकअपपाशीच येतात. सर्कशीतल्या जाळीच्या मृत्युगोलाची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे गाडी डोक्यावरून फिरत असल्याने पेट्रोलचा पुरवठा आणि प्रत्येक फेरीतली चढण यांचे हिशेब बदलतात, आणि त्याविषयी स्वतंत्रपणेच लिहायला हवे.

आता दोषांकडे. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी एकीचा सायलेन्सर मधूनच कापलेला होता, कारण मालकाला मोठा आवाज हवा होता. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरची नळी म्हणजे निव्वळ आवाज कमी करण्याचे साधन नसते. तिच्या फुगीर आणि निमुळत्या आकारामुळे दाबाची लाट परत फिरते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. नळी कापली की हा लाभ जातो, मधल्या फेऱ्यांची ओढ कमी होते आणि पेट्रोलही वाया जाते. ती गाडी चढताना जोडीच्या गाडीपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ घेत होती. आवाजच हवा असेल तर शेवटची जाळी काढून नळी अखंड ठेवावी, जसे दुसऱ्या गाडीवर केलेले होते. धूर ही दुसरी तक्रार. तेल मिसळलेल्या पेट्रोलचा निळसर धूर वाऱ्याअभावी कुव्यात साठतो आणि हळूहळू गॅलरीपर्यंत येतो. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी जिकडून वारा येतो त्या बाजूला उभे राहावे. त्याहून गंभीर बाब अशी, की सायलेन्सरच्या तोंडातून उडणारे न जळलेले तेल फळ्यांवर बसते. सारा खेळ घर्षणावर उभा असताना फळीवर तेलाचा थर असणे अक्षम्य आहे. हेल्मेट कोणाच्याही डोक्यावर नव्हते. स्वारांना त्याने मान जड होते हे मान्य केले, तरी हलके हेल्मेट मिळते आणि ते वापरले जावे, असे माझे ठाम मत आहे.

गाडी मिळवणे हा मालकांपुढचा खरा पेच आहे. एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीच्या सहकार्याने १९८५ मध्ये भारतात आलेल्या आरएक्स १०० चे उत्पादन, प्रदूषणाचे नियम कडक होत असताना, १९९६ मध्ये थांबले. आज चांगल्या स्थितीतली गाडी लाखाच्या वर विकली जाते, कारण हौशी संग्राहक तिच्यामागे आहेत. पिस्टन आणि रिंगा बाजारात मिळतात, पण मूळ दर्जाचा क्रँक मिळणे कठीण झाले आहे. नंतरच्या आरएक्स १३५ चे सुटे भाग आणि इंजिने काही ठिकाणी वापरली जातात; तिची ओढ अधिक आहे, परंतु मुठीचा हळुवारपणा मला शंभरातच जास्त जाणवला. पुढे कधीतरी इंधन-इंजेक्शनच्या हलक्या फोर-स्ट्रोक गाड्यांकडे वळावे लागेल, आणि तेव्हा मूठ सोडल्यावर लागणारा इंजिनाचा ओढा कसा कमी करायचा यावर मेकॅनिकांना नव्याने काम करावे लागेल.

तोपर्यंत या विशिष्ट खेळाच्या मालकाने पुढच्या मुक्कामाआधी तीन कामे करावीत. कापलेली नळी बदलावी, प्रत्येक खेळानंतर फळ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात, आणि पाठ करून आवाज ऐकणाऱ्या त्या मेकॅनिकला एखादी गाडी खेळातून बाजूला काढण्याचा अधिकार द्यावा. सध्या तो निर्णय तिकीट-खिडकीवर होतो.